गुणफलक नसलेला महोत्सव



आत्ता या मंचावर मुलींनी दोरीच्या मल्लखांबाचे प्रात्यक्षिक केले, ते पाहून माझे मन भरून आले. माझे आयुष्य मुलींना दोरीवर चढवण्यातच गेले आहे. त्यामुळे पायाच्या अंगठ्यात दोरी पकडताना आधी सोलवटणारी आणि मग घट्ट होणारी कातडी मला इतक्या लांबूनही दिसते. मुख्याध्यापिका बाईंनी मघाशी सांगितले, की या मुलींचा संघ घेऊन २०२७ साली पोर्तुगालमध्ये, लिस्बनला, वर्ल्ड जिम्नास्ट्राडा या महोत्सवाला जाण्याचा शाळेचा विचार आहे. संघाचे नाव आपल्या देशाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघामार्फत जावे लागेल, त्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागेल. पण विचार पक्का आहे असे दिसते. म्हणून आज मी त्या महोत्सवाबद्दलच बोलणार आहे.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाचा हा महोत्सव साधारण चार वर्षांतून एकदा भरतो. सतरावा २०२३ साली ॲम्स्टरडॅमला झाला, लिस्बनचा अठरावा. जगभरातून हजारो खेळाडू येतात, आठवडाभर राहतात, आपापली प्रात्यक्षिके दाखवतात आणि घरी जातात. तिथे पंच नसतात, गुण नसतात, पदक नसते. वयाची वरची मर्यादा नसते. एका गटात निदान दहा जण हवेत आणि मिळालेल्या दहा-पंधरा मिनिटांत जे दाखवायचे ते दाखवायचे. बस, एवढेच.

इथे बसलेल्या पालकांच्या मनात आलेला प्रश्न मला ऐकू येतो आहे. पदक नाही, क्रमांक नाही, दहावीला सवलतीचे गुण मिळतील याचीही खात्री नाही. मग विमानाचे एवढे भाडे भरून पोरींना पाठवायचे ते कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला मला थोडे मागे जावे लागेल.

पहिला जिम्नास्ट्राडा जुलै १९५३ मध्ये हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात झाला. त्या शहरावर १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले होते आणि शहराचा मधला भाग जवळजवळ पुसला गेला होता. युद्ध संपून आठ वर्षे झाली तरी बांधकामे चालूच होती. त्यात १९५३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच रात्री समुद्र बांध फोडून देशाच्या नैऋत्य भागात घुसला आणि अठराशेहून अधिक माणसे बुडून गेली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, त्याच देशात, युरोपातल्या निरनिराळ्या देशांची माणसे एकत्र आली आणि एकमेकांसमोर कोलांट्या मारल्या, कवायती केल्या, मनोरे रचले. कोणी कोणाला हरवायला आले नव्हते. थोड्याच वर्षांपूर्वी हीच माणसे एकमेकांच्या देशांवर तोफा डागत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या महोत्सवाचे मोल कळते.

ही कल्पना यो सोमर नावाच्या डच गृहस्थांची. पण तिचे मूळ त्याही आधीचे आहे. १८८१ साली बेल्जियममध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली, तेव्हाचे पहिले अध्यक्ष निकोला क्युपेरस यांना स्पर्धा मुळीच आवडत नसत. व्यायाम सगळ्यांनी करावा, मिळून करावा आणि मिळून दाखवावा, असे त्यांना वाटे. पुढे महासंघ स्पर्धांच्याच वाटेने गेला, आणि त्या वाटेने फार मोठी माणसे घडली. त्या जगाबद्दल मला आदरच आहे. आगरतळ्याची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये प्रोदुनोवासारखी जिवावर बेतणारी उडी घेतली, तेव्हा देश जागा राहून पाहत होता. तिचे कांस्यपदक ०.१५ गुणाने हुकले. चौथी आली म्हणून तिची थोरवी तसूभरही कमी झाली नाही. पण विचार करा, चौथ्या क्रमांकाच्या मागे जे लाखो उरतात, त्यांच्या शरीराचे आणि त्यांच्या आनंदाचे काय करायचे? क्युपेरस यांच्या मनात हाच प्रश्न असावा आणि सोमर यांनी त्याचे उत्तर मैदानावर उभे केले.

मुलांनो, आणखी एक गोष्ट तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचाल, तिच्याशी याचा संबंध आहे. हजारो माणसांनी एका तालावर हात उंचावायचे, हे दृश्य पाहणाऱ्याला भारून टाकते. म्हणूनच विसाव्या शतकातल्या हुकूमशहांना ते फार प्रिय होते. प्रागमधल्या स्ट्राहोव्ह या अवाढव्य स्टेडियमवर कम्युनिस्ट राजवटीत स्पार्टाकियाड नावाचे सामूहिक कवायतींचे महोत्सव भरत. हजारो लोक एकदम वाकत, एकदम उठत आणि वर व्यासपीठावर सत्ताधारी बसलेले असत. तिथले खेळाडू मनापासून खेळत असतील, मेहनतही खरी असेल. पण तो ताल ठरवणारा दुसराच कोणी होता. जिम्नास्ट्राडामध्येही शेकडो माणसे एकत्र कवायत करतात, उघड्या मैदानावर मोठ्या गटांची प्रात्यक्षिके होतात. मात्र काय करायचे, कोणत्या संगीतावर करायचे, कोणता पोशाख घालायचा, हे त्या त्या गटाने घरी बसून स्वतः ठरवलेले असते. समोर सलामी घ्यायला कोणी बसलेले नसते. प्रेक्षकांत बहुतेक दुसऱ्या देशांचे खेळाडूच असतात, आणि त्यांना थोड्या वेळाने स्वतः मैदानात उतरायचे असते.

२०१९ सालचा जिम्नास्ट्राडा मी प्रेक्षक म्हणून पाहिला. तो ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, डॉर्नबिर्नला झाला. पन्नासेक हजार वस्तीचे गाव आणि त्यात सुमारे अठरा हजार खेळाडू. एवढ्यांना हॉटेले पुरणार कुठून? शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. आजूबाजूच्या गावांमधल्या शाळा मोकळ्या करून एकेका गावात काही काही देश उतरवले होते. वर्गांतली बाके बाजूला सरकवलेली, जमिनीवर गाद्या, खिडक्यांवर वाळत घातलेले पोशाख आणि सकाळी नळाशी रांग. ते पाहताना मला दिंडीचा मुक्कामच आठवला. गावकरी वाढायला उभे. ज्यांच्या भाषेतला एक शब्द कळत नाही, त्यांना हाताने खुणा करून विचारत, आणखी हवे का? बसमध्ये, आगगाडीत निरनिराळ्या रंगांचे ट्रॅकसूट घातलेली मुले. आपापल्या देशाचे बिल्ले एकमेकांना देत होती, जॅकेटची अदलाबदल करत होती.

आणि प्रात्यक्षिके! एका दालनात कोवळी मुले रिबन घेऊन धावत होती, शेजारच्या दालनात पांढऱ्या केसांच्या बायका चेंडू घेऊन इतक्या डौलात वळत होत्या, की मी उभी राहिले ती बसायचेच विसरले. काही गटांत चाकांच्या खुर्चीवर बसलेले खेळाडू होते. त्यांची खुर्ची कोपऱ्यात ठेवलेली नव्हती, ती रचनेच्या मध्यभागी होती. डेन्मार्कच्या मुलांचे तर मी वर्णन काय करू? तिथे गावोगावच्या व्यायाम मंडळांत दर वसंतात प्रात्यक्षिकांचा समारंभ असतो. लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे मैदानात उतरतात आणि सारा गाव पाहायला येतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे, म्हणून त्यांची पन्नास मुले एकदम उडी घेतात तेव्हा जमिनीवर आवाज एकच येतो.

मुलींनो, माझ्या मनात तिथे एकच विचार होता. इथे आपला मल्लखांब हवा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी जी विद्या नव्याने उभी केली, तिच्यात काय नाही? लवचीकपणा आहे, ताकद आहे, तोल आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही मल्लखांबावरच्या प्रकारांची नावे. एकेका शब्दामागे शे-दोनशे वर्षांचा घाम आहे. आणि आपली माणसे परदेशी गेली नाहीत असेही नाही. १९३६ साली, बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. देश पारतंत्र्यात, तिकडे जायचे म्हणजे बोटीचा लांबचा प्रवास, हाती पैसा बेताचा. तरी विदर्भातली मुले गेली. पुढे मुंबईच्या शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशी मुले-मुली आपल्या मैदानात येऊन दोरीवर चढली. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी वाहती झाली आहे.

आता तयारीबद्दल दोन शब्द, कारण नुसत्या भावनेने लिस्बन गाठता येत नाही. पुरलेला लाकडी मल्लखांब विमानातून नेणे अवघड. दोरी मात्र पिशवीत मावते. पण ती टांगायची कशाला, किती उंचीवर, छताचा आकडा किती वजन पेलेल, हे आयोजकांना आधी महिनोन्‌महिने पत्रे लिहून पक्के करावे लागेल. साधने लावायला आणि काढायला तिथे फार थोडा वेळ मिळतो, त्याचाही सराव इथेच घड्याळ लावून करा. पंधरा मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. दोरीवर दोघी-तिघी असतील तेव्हा खाली बाकीच्यांनी काय करायचे, याची रचना नीट बसवली नाही तर ती पंधरा मिनिटे संपता संपत नाहीत. उन्हाळ्यात लिस्बनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. पहिले दोन दिवस संध्याकाळीच डोळे मिटतील आणि पहाटे फार लवकर जाग येईल. अशा वेळी दोरीवर चढायची घाई करू नका, जमिनीवरचा हलका व्यायाम करा. आपला डबा तिथे नाही, पंगतीला जे वाढतील त्यातले चालेल ते पोटभर खायला शिका.

संघ निवडणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. केवळ सर्वांत चपळ दहा मुली निवडू नका. हा महोत्सव त्यासाठी नाही. जिची उडी बेताची आहे पण जी मनोऱ्याच्या तळाशी खांदा हलू न देता उभी राहते, ती हवी. जी तीन वर्षे एकही दिवस न चुकता आली आणि अजून जिची दसरंग स्वच्छ येत नाही, तिलाही न्या. तिच्यासाठी रचनेत जागा शोधणे हे तुमच्या कौशल्याचे काम आहे. पंच नसतात याचा अर्थ ढिलाई चालते असा कोणी घेऊ नये. गुण देणारा कोणी नसताना पायाचा चवडा ताणलेला ठेवायचा, शेवटच्या रांगेत उभे असताना हात पूर्ण उचलायचा, हे फार कठीण आहे. ते ज्या मुलीला जमले, तिला पुढे कुठल्याही कामात कोणी पाठीशी उभे राहून बजावावे लागत नाही. पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

आणि पालकहो, एक दुःख सांगितल्याशिवाय मला इथून जाववत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी मुली आठवी-नववीत गळाल्या. पाय मोडला म्हणून नाही, कंटाळा आला म्हणूनही नाही. शिकवणीची वेळ आणि सरावाची वेळ एक झाली. कोणाच्या घरी, आता मोठी झालीस, आखूड कपड्यांत मैदानावर कशाला, असे म्हटले गेले. ज्या वयात शरीर उत्तम साथ देते, नेमक्या त्याच वयात आपण मुलींना दोरीवरून खाली उतरवतो. लिस्बनला त्यांना साठ-सत्तर वर्षांच्या बायका भेटतील, ज्यांना त्यांच्या घरच्यांनी कधी खाली उतरवले नाही.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. ज्या मुली आज सातवी-आठवीत आहेत, त्यांचा संध्याकाळचा सराव २०२७ पर्यंत बंद करू नका. शिकवणीवाल्यांशी बोला, वेळ बदलून घ्या. खर्चाचा भार एकेका घरावर पडू नये म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी आत्तापासून निधी उभारावा. माझ्या वतीने आज पहिली रक्कम मी बाईंकडे देऊन जाते आहे. आणि ज्या मुलींचे पासपोर्ट अजून काढलेले नाहीत, त्यांच्या आई-वडिलांनी या महिन्यातच अर्ज भरावेत.