लेखणीची रोजी : पेठ नवी, हिशेब जुना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात मेहरूण येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आजचा विषय व्यवहाराचा आहे. घरबसल्या संगणकावर किंवा मोबाईलवर लेखन करून पोट भरता येते काय, हा प्रश्न मुले विचारतात आणि पालक त्याने चिंतेत पडतात. मुलाला वाटते, नोकरीच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा हे बरे. वडिलांना वाटते, एमआयडीसीतल्या पाइपच्या किंवा चटईच्या कारखान्यात निदान महिन्याचा पगार तरी ठरलेला आहे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून या धंद्याची दोन्ही पारडी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. लिहून पोट भरणे ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नव्हे. कचेरीच्या आवारात बसून अर्जामागे पैसे घेणारा अर्जनवीस हा याच धंद्यातला. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब तर पानापानावर मजुरी घेत. त्या कातिबांची हकिकत आपण विशेष ध्यानात ठेवावी. १९८१ साली ‘नूरी नस्तालिक’ हे संगणकावरचे वळण आले, १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या त्या हुनराची मागणी काही वर्षांत ओसरली. ज्यांच्यापाशी सुंदर अक्षराखेरीज भाषेची जाण होती, त्यांना मजकूर तपासण्याचे, संपादनाचे काम करणे शक्य होते. ज्यांची सारी भिस्त केवळ हातावर होती, त्यांची रोजी गेली. हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता नव्या पेठेकडे वळू. ऑस्ट्रेलियातील ‘फ्रीलान्सर’ २००९ साली आणि इस्राएलमधील ‘फायव्हर’ २०१० साली निघाली. ‘ईलान्स’ आणि ‘ओडेस्क’ या दोन जुन्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांचे नाव २०१५ मध्ये ‘अपवर्क’ झाले. तिघींचे कामकाज समजायला आपल्याला फार दूर जायला नको. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो आणि मधला अडत्या आपली अडत कापून घेतो. इथे लेखक माल आणतो, परदेशातला गिऱ्हाईक तो घेतो आणि कंपनी अडत कापते. फरक इतकाच की, या पेठेत जळगावचा मुलगा, ढाक्याचा, मनिलाचा आणि नैरोबीचा मुलगा असे सारे एकाच ओट्यावर माल मांडून बसलेले असतात. म्हणून नवख्याचा भाव पडतो.

अडतीचा हिशेब पाहा. फायव्हर लेखकाच्या कमाईतून शेकडा २० कापते. समजा, एका लेखाचे २० डॉलर ठरले. ४ डॉलर अडतीत गेले, उरले १६. लेख लिहायला पाच तास लागले, गिऱ्हाइकाने दोनदा दुरुस्ती सांगितली त्यात एक तास गेला आणि काम मिळवण्यासाठी पत्रे लिहिण्यात दोन तास गेले. आठ तासांचे १६ डॉलर, म्हणजे तासाला दोन डॉलर पडले. त्यातून पैसे बदलून बँकेत येण्याचा खर्च वेगळा. अपवर्कवर तर कामासाठी अर्ज करतानाच ‘कनेक्ट्स’ नावाची नाणी खर्चावी लागतात, मग काम मिळो वा न मिळो. तेव्हा डॉलर या शब्दाने हुरळून न जाता तासाचा भाव काढावा. दुकानदाराच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. पदवीधराला मात्र शिकवावे लागते.

मग यात आपल्या मुलांनी उतरावे काय? उतरावे, पण भांडवल ओळखून. मेहरूणच्या मुलाला घरात उर्दू, शाळेत मराठी व इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि बाजारात अहिराणी ऐकू येते. आपल्याला हे नेहमीचे वाटते; भाषांतर, चित्रफितींची उपशीर्षके, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणे, या कामांत मात्र तेच भांडवल आहे. महाराष्ट्रातलेच उदाहरण सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘कार्या’ नावाच्या प्रयोगात ग्रामीण भागातील लोकांना हस्तलिखित देवनागरी शब्द मोबाईलवर टंकित करायला दिले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावकरीही त्यात होते. त्याचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचे काम व्यावसायिक कंपनीच्या तोडीचे उतरल्याचे दिसून आले. म्हणजे गाव आडवे आले नाही. आडवे येते ते कच्चे काम.

आता कातिबांच्या गोष्टीकडे परत येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले. साधा माहितीपर मजकूर यंत्र क्षणात लिहू लागले आणि शब्दामागे पैसे मोजून असा मजकूर घेणारे गिऱ्हाईक कमी झाले. केवळ शब्द भरणाऱ्याला आता या धंद्यात दिवस कठीण आहेत. ज्याला विषय कळतो, यंत्राची चूक पकडता येते, केळीच्या बागेविषयी किंवा सोन्याच्या व्यवहाराविषयी जाणकाराला विचारून लिहिता येते, त्याला जागा आहे. म्हणून मुलांनो, पदवी सोडून याच्या मागे लागू नका. हिशेबनीस, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, शिक्षक अशी एक विद्या पक्की करा आणि लेखन तिच्या जोडीला ठेवा.

पालकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे. नोंदणी फी घेणारे, टायपिंगचा करार करून नंतर ‘चुका झाल्या, दंड भरा’ अशी वकिलाच्या नावाची नोटीस पाठवणारे ठग देशभर आहेत. अशी नोटीस आली तर मुलाला रागावू नका आणि घाबरून पैसेही भरू नका. १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवा. दुसरी, रोजी हलाल असावी. परदेशी विद्यार्थ्याचा निबंध त्याच्या नावावर लिहून देणे, न वापरलेल्या वस्तूची खोटी वाहवा लिहिणे, स्वतःचे खाते दुसऱ्याला भाड्याने देणे, यांत पैसा मिळतो. पण ती फसवणुकीतली भागीदारी आहे. तिसरी गोष्ट मुलींची. घरी बसून काम करणारी मुलगी रिकामी बसलेली नसते. तिला कामाचे ठरावीक तास आणि शांत कोपरा द्या, आणि कमाई तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ द्या.

कायद्याचेही थोडे सांगतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या प्रथमच केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ही चांगली सुरुवात आहे. पण तेवढ्यावरून परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर एकट्याने काम करणाऱ्याला पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो, असे कोणी समजू नये. आजारपणाची आणि मंदीची तजवीज त्याने स्वतःच करायची असते. पॅनकार्ड, बँकेच्या पावत्या आणि कामाची वही नीट ठेवावी, प्राप्तिकराचे विवरण भरावे. उद्या कर्ज मागायला गेल्यावर हीच वही पगाराच्या दाखल्याचे काम करील.

शेवटी संस्थेला एक विनंती. शाळा सुटल्यावर संगणक कक्ष आठवड्यातून दोन दिवस उघडा ठेवावा. तिथे मराठी, उर्दू आणि इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसून मुलांकडून एक पान भाषांतर करून घेतील आणि लाल शाईने तपासतील. परदेशातला गिऱ्हाईक चूक दाखवत नाही, तो नुसता दुसरीकडे जातो. चूक दाखवणारा गुरू शाळेतच भेटतो. तो हाताशी आहे तोवर, मुलांनो, त्याचा लाभ घ्या.