अंगठा बाबांचा, पैसाही बाबांचाच

(मंडळीच्या सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृद्धांची सेवा या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. या विषयावर आपण बहुतेक वेळा औषध, अंघोळ, जेवण आणि प्रार्थना यांबद्दल बोलतो. मी आज पासबुकाबद्दल बोलणार आहे. वस्त्यांवर फिरताना मला असं दिसतं, की आजारी माणसाच्या अंगाची सेवा घरचे लोक मनापासून करतात. भांडण होतं ते त्याच्या खात्यावरून.

बाहेरगावाहून आलेल्या देणगीदारांसाठी आधी थोडं आपल्या जिल्ह्याबद्दल सांगते. वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, आणि चौथा आपला. मालेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात आंध समाजाच्या वस्त्या आहेत. पोरं-सुना कामासाठी बाहेर पडतात, कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी ऊसतोडीला. घरी राहतात ती म्हातारी माणसं आणि नातवंडं.

या म्हाताऱ्या माणसांच्या नावावर पैसा येतो. थोडाच, पण येतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. नावावर शेत असेल तर पीएम किसानचे दर चार महिन्यांनी २०००, आणि वर राज्याचा नमो शेतकरी निधी. आधी आजीचा पैसा लुगड्याच्या गाठीत असायचा. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि घरोघरी खाती निघाली. हे चांगलंच झालं. मधला माणूस पैसे खायचा, ते बरंच थांबलं. पण गाठ सोडायला आजीला कोणाची गरज लागत नव्हती. खात्यातून पैसे काढायला लागते. तिला लकवा मारला, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, की खातं दुसऱ्याच्या हाती जातं. ‘पैसे येतात का हो आजी?’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “मले काय समजते बाप्पा? सारं पोरगंच पाहते.”

पोरगं पाहतं, यात वाईट काहीच नाही. कसं पाहतं, हा प्रश्न आहे.

एका वस्तीवरचं उदाहरण सांगते. गाव सांगत नाही. आजी सत्तरीच्या पुढची, उजवी बाजू गेलेली. धाकटा मुलगा जवळ, थोरला पुण्याला. एटीएम कार्ड धाकट्याच्या खिशात. पिन कार्डाच्या पाकिटावरच पेनाने लिहिलेला! दोन वर्षं त्याने आईचं सगळं केलं. वाशिमला दवाखान्यात नेणं, गोळ्या, लंगोट, खाजगी जीपचं भाडं. दिवाळीला थोरला आला आणि त्याने विचारलं, दोन वर्षांचे इतके हजार झाले, ते कुठं गेले? धाकट्याकडे सांगायला काहीच नव्हतं. औषधाच्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या होत्या. आईला आठवत नव्हतं. त्या दिवशी दोघं भाऊ बोलायचे थांबले, आणि आई मधल्या खोलीत पडून सगळं ऐकत होती.

मी नंतर त्या धाकट्याबरोबर बसून आठवेल तेवढा खर्च मांडला. आलेल्या पैशापेक्षा गेलेला पैसा जास्त निघाला. त्याने पदरचेच घातले होते. म्हणून मी आता प्रत्येक घरात सांगते, वही ठेवा. हिशेब ठेवणं म्हणजे आपल्यावर अविश्वास, असं सेवा करणाऱ्याला वाटतं. उलट आहे. ज्याने पैसे खाल्ले त्याला वही नकोच असते. वहीचा उपयोग प्रामाणिक माणसालाच होतो. तारीख, किती काढले, कशाला गेले. बस. दहा रुपयांची वही दाराजवळच्या खिळ्याला टांगा, म्हणजे येणारा-जाणारा पाहू शकेल. बहिणींनाही दाखवा. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईच्या खात्यातलं काही विचारायचा हक्क नाही, असं आपल्याकडे समजतात, तेही चुकीचं आहे.

आता अंगठ्याबद्दल. आपल्या आदिवासी वडीलधाऱ्यांना अंगठा द्यायची भीती का वाटते, हे तरुण मुलांना ठाऊक नसतं. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने जमिनी गेल्या आहेत. इतक्या गेल्या, की १९७४ मध्ये राज्याला आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये, अशी तरतूदही महसूल कायद्यात आहे. म्हणून आजोबा अंगठा द्यायला का-कू करतात तेव्हा त्यांच्यावर खेकसू नका. त्यांची ती सावधगिरी शहाणपणाची आहे. कागद वाचून दाखवा. आकडा भरल्यावरच अंगठा घ्या.

हे मी माझ्या वडिलांकडून शिकले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. लकवा मारल्यावर वाचा गेली, उजवा हात गेला, समज मात्र पूर्ण होती. पेन्शन खात्यात येत होती आणि सही होत नव्हती. आम्ही शाखेत गेलो तर खिडकीवर सांगितलं, पेशंटला घेऊन या. खाटेवरच्या माणसाला कसं नेणार? शेजारच्यांनी सुचवलं, सही तुम्हीच गिरवा, कोण बघतंय? आईने सरळ नकार दिला.

यावर नियम आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून नीट ऐका. खातेदार आजारामुळे सही करू शकत नसेल, तर त्याचा अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाचा चालतो. त्यासाठी बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल, तर नुसती खूण चालते. तिलाही तसेच दोन साक्षीदार. पैसे कोण घेऊन जाणार, हे खातेदाराने बँकेला सांगायचं, आणि त्या माणसाने बँकेत आपली सही द्यायची. ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. शिवाय ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, की सत्तरीच्या पुढचे, तसेच आजारी किंवा अपंग खातेदार यांना रोख रक्कम घरपोच द्यावी, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरी येऊन घ्यावा. बँक त्याचे काही पैसे घेऊ शकते. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर चिडू नका. लेखी अर्ज करा, वर तारीख टाका, एका प्रतीवर पोच घ्या आणि शाखाधिकाऱ्यांना भेटा. आम्ही तसंच केलं. दुपारच्या वेळी अधिकारी घरी आले. पैसे काढायची स्लिप बाबांपुढे धरली. बाबांनी डाव्या हाताचं बोट अक्षरी रकमेच्या रिकाम्या जागेवर ठेवलं आणि तिथंच दाबून धरलं. अधिकाऱ्यांनी हसून रक्कम अक्षरी लिहिली. मग बाबांनी अंगठा दिला.

लोक मला विचारतात, ताई, एवढं कशाला? मुखत्यारपत्र करून टाकलं की झालं. करा, पण त्याची मर्यादा समजून घ्या. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज शाबूत आहे तोवरच ते चालतं. त्याला समजेनासं झालं की कायद्याने ते संपतं, आणि त्याच्या मरणानंतरही संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हाच ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला नागपूर खंडपीठात जावं लागू शकतं. डोंगरातल्या वस्तीवरून नागपूरला वकील लावायला कोण जाणार? म्हणून जे करायचं ते आई-वडील बोलते-समजते आहेत तोवर, आणि त्यांना विचारून करायचं. हा विषय काढणं म्हणजे मरणाची वाट पाहणं, असं घरात वाटतं. आजारपण यायच्या आधी काढला तर तसं वाटत नाही.

संयुक्त खात्याबद्दल माझा सल्ला असा, की सरकारी अनुदानाचं खातं एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावरच राहू द्या. बाकी बचत असेल तिच्यासाठी दुसरं खातं जोडीदाराच्या किंवा मुलाच्या नावाने मिळून काढा आणि अर्जात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय लिहा. ते लिहिलेलं नसेल तर दोघांच्या सह्या लागतील, आणि पुन्हा तिथंच अडेल.

वारसनोंद कराच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. पण ज्याचं नाव लागलं तो मालक झाला, असं नाही. तो बँकेकडून पैसे घेतो आणि ते खऱ्या वारसांसाठी सांभाळतो. आणि खातेदार जिवंत असताना त्याला त्या पैशाला हात लावायचा हक्कच नसतो. ‘नॉमिनी मी आहे’ म्हणून कार्ड घेऊन फिरणारे मी पाहिले आहेत.

खेड्यात बँक म्हणजे बहुधा मिनी बँक, आधार लावून पैसे काढण्याचं दुकान. चांगली सोय आहे. पण काम करून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत. तीन-चार वेळा अंगठा लावून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकून आजी परत जाते. कधी ते खरं असतं. कधी पैसे निघालेले असतात. म्हणून प्रत्येक वेळी छापील पावती मागा, आणि महिन्यातून एकदा पासबुक शाखेत भरून घ्या. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही पैसे काढून देतो, तेही लक्षात ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे ते तपासा. पुण्याला गेलेल्या भाच्याचा नंबर असेल आणि त्याने ते सिमकार्ड बंद केलं, तर काही महिन्यांनी तोच नंबर अनोळखी माणसाला मिळतो, आणि आजीच्या खात्याचे निरोप त्याला जातात. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा. वृद्धांसाठी १४५६७ ही मदतीची लाइन आहे. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८.

श्रावणबाळच्या लाभार्थ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात, आणि घरचे समजतात सरकारने योजना बंद केली.

एक नाजूक गोष्ट. माणूस गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढू नका, अगदी तेराव्याच्या खर्चासाठीसुद्धा नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, दाखला घ्या, बँकेला कळवा आणि रीतसर मागणी करा. अनुदान त्यानंतरही जमा झालं तर ते परत जाणार, ते खर्च केलं तर वसुली घरावर येते.

उत्पत्तीच्या पुस्तकातला म्हातारा इसहाक तुम्हाला माहीत आहे. डोळे मंदावलेले. मुलगा ओळखायला त्याने हात चाचपले. आवाज त्याला खटकला होता, तरी हातावर भरवसा ठेवला आणि फसला. आपण ही गोष्ट याकोबाच्या बाजूने वाचतो. पुढच्या वेळी बापाच्या बाजूने वाचून पाहा. आणि त्या एका दुपारीनंतर याकोबाला वीस वर्षं मामाच्या घरी राबावं लागलं, भावाचं तोंड दिसलं नाही, हेही.

आता मंडळीकडून मला काय हवं ते सांगते. मघाशी दोन साक्षीदारांचं बोलले. एक बँकेचा अधिकारी. दुसरा असा हवा, की ज्याला बँक ओळखते आणि ज्याचा त्या घराच्या पैशात हात नाही. वस्तीवर असा माणूस मिळणं कठीण असतं. तुमच्यापैकी निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेत काम केलेले भाऊ इथं बसले आहेत. महिन्यातली एक सकाळ द्या. घरी जाऊन कागद वाचून दाखवायचा, आकडा भरलेला पाहायचा, अंगठा होताना समोर उभं राहायचं. पैसे हातात घ्यायचे नाहीत, कार्ड सांभाळायचं नाही, पिन ऐकायचासुद्धा नाही. म्हातारा माणूस ‘नको’ म्हणाला तर त्या दिवशी काम होणार नाही, हे मुलालाही तिथंच सांगायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी दाराजवळच्या टेबलावर बसते. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी द्या. आणि आजी-आजोबांनो, पासबुक आणलं असेल तर घेऊन या, वाचून दाखवते.