हेडफोनला ॲम्प्लिफायर कसा निवडावा?



युनियनचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई, बोनस किंवा कामगार कायदा यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. आम्ही मात्र आज उंची हेडफोनला जोडावयाच्या ॲम्प्लिफायरविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. कामगाराला या चैनी कशाला, असेही कोणी मनात म्हणेल. त्या मनातल्या प्रश्नालाच आधी उत्तर देतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती केवळ झोप काढण्यासाठी मागितलेली नव्हती. माणसाला माणसासारखे जगता यावे, आपल्या आवडीचे काही करता यावे, यासाठी ती मागितली होती. आज आमच्या ओळखीची कितीतरी तरुण पोरे त्या सुटीच्या दिवशी गाणे ऐकतात. घर दोन खोल्यांचे. एका कोपऱ्यात मुलगी अभ्यासाला बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात म्हातारे वडील निजलेले. अशा घरात स्पीकर लावणार कोठे? हेडफोन हीच त्याची संगीताची खोली. त्याने दोन वर्षे पैसे साठवून चांगला हेडफोन घेतला, तर त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही.

वावगे पुढे घडते. हेडफोन घेतल्यावर त्याला सांगितले जाते की, मोठा ॲम्प्लिफायर नसेल तर हा हेडफोन फुकट गेला. या भीतीपोटी तो दुसऱ्यांदा खिसा रिकामा करतो. ही भीती कोठे खरी आणि कोठे खोटी, हे ओळखण्यापुरते गणित प्रत्येकाला येते. तेच आज मांडावयाचे आहे.

हेडफोनच्या कागदावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा ओहमचा. हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती अडवतो, हे तो सांगतो. यालाच इंपीडन्स म्हणतात. दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. म्हणजे ठराविक वीज दिली असता किती डेसिबल आवाज निघतो तो. बाजारात पहिल्या आकड्याचा फार बोलबाला आहे. ओहम जास्त म्हणजे हेडफोन चालवायला जड, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. दोन प्रसिद्ध हेडफोन शेजारी ठेवून पाहू.

सेनहायझर कंपनीचा एचडी ६५० हा हेडफोन २००३ साली आला. त्याचा इंपीडन्स ३०० ओहम, आणि १ व्होल्ट दिला असता तो १०३ डेसिबल आवाज देतो, असे कंपनी सांगते. दुसरा हायफायमॅन कंपनीचा एचई-६. त्यात गुंडाळलेल्या तारेऐवजी सपाट पडद्यावर वाहक पट्ट्या असतात. त्याचा इंपीडन्स अवघा ५० ओहम, पण १ मिलिवॅटला आवाज निघतो ८३.५ डेसिबल. बाजाराच्या म्हणण्याप्रमाणे ३०० ओहमचा जड आणि ५० ओहमचा हलका ठरला पाहिजे. आता हिशेब करू.

आपण साधारण ७५ ते ८० डेसिबलवर गाणे ऐकतो. एखादी जोरकस तान किंवा पखवाजाची थाप क्षणभर त्याच्या पुष्कळ वर जाते. त्या क्षणासाठी ११० डेसिबलची सोय ठेवली म्हणजे भरपूर झाले. एवढ्यासाठी एचडी ६५०ला सुमारे २.२ व्होल्ट लागतात, आणि वीज लागते १७ मिलिवॅट. एचई-६ला तेवढ्याच आवाजासाठी ४.७ व्होल्ट आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात. म्हणजे ज्याला हलका म्हटले, तो सव्वीसपटीहून अधिक वीज खातो!

पाण्याचा दृष्टांत घ्या. तिसऱ्या मजल्यावर पेलाभर पाणी चढवायचे तर दाब हवा, पण पाणी थोडकेच पुरते. शेत भिजवायचे तर पाटाला ओघ हवा. व्होल्ट हा दाब, अँपिअर हा ओघ. ३०० ओहमच्या हेडफोनला मुख्यतः दाब लागतो. एचई-६ला दाबही हवा आणि ओघही हवा. म्हणून एकट्या ओहमवर विसंबू नका. दोन्ही आकडे एकत्र वाचा. संवेदनक्षमता वाचताना ती १ मिलिवॅटला सांगितली आहे की १ व्होल्टला, हेही पाहा. ३०० ओहमच्या हेडफोनवर या दोन मापांत पाच डेसिबलहून अधिक फरक पडतो.

आता ॲम्प्लिफायरच्या कागदाकडे वळू. तेथे मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात. करारपत्रे वाचण्यात आमचे आयुष्य गेले आहे. मालकाने पगाराचा आकडा सांगितला की आम्ही लगेच विचारतो, किती तासांचा? तसेच येथे विचारावे, वॅट खरे, पण किती ओहमवर? ३२ ओहमवर १ वॅट देणारे यंत्र ३०० ओहमवर बहुधा त्याच्या दशांश भागाच्या आसपासच देईल. तुमचा हेडफोन ३०० ओहमचा असेल तर पहिला आकडा तुमच्या कामाचा नाही. दुसरी गोष्ट अशी की, वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. तेव्हा ५०० मिलिवॅटचे यंत्र सोडून १,००० मिलिवॅटचे घेणारा माणूस पैसे दुप्पट मोजून आवाजात थोडीशीच भर विकत घेतो.

यावरून हेही कळेल की पुष्कळांना वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरजच नसते. फोनला लावावयाचे बोटभर लांबीचे जोड मिळतात. ॲपलच्या अशा जोडाची अमेरिकेत विकली जाणारी आवृत्ती सुमारे १ व्होल्ट देते. १ व्होल्टवर एचडी ६५० क्षणिक १०३ डेसिबलपर्यंत जातो. बेताच्या आवाजात ऐकणाऱ्याला एवढे पुरते. एचई-६ला मात्र असला जोड पुरणार नाही. तेथे दुकानदाराची भीती खरी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो छापण्याचा पुष्कळांना विसर पडतो. ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पोटातही अडथळा असतो. त्याला आउटपुट इंपीडन्स म्हणतात. हेडफोनचा इंपीडन्स सर्व सुरांना सारखा नसतो. एचडी ६५०चा तो खर्जाच्या एका पट्ट्यात ३०० वरून ५०० ओहमच्या आसपास चढतो. ॲम्प्लिफायरच्या पोटातला अडथळा १ ओहम असला तर याचा काहीच परिणाम जाणवत नाही. तोच १२० ओहम असला तर त्या पट्ट्यातला आवाज बाकीच्या मानाने सुमारे १ डेसिबल वर चढतो. डग्ग्याचा घुमारा थोडा फुगतो. काहींना हा फुगारा गोड लागतो आणि ते म्हणतात, यंत्रात प्राण आहे! प्राण वगैरे काही नाही, तो भागाकार आहे. आवडला तर अवश्य ठेवावा, पण त्यासाठी जादा दाम देऊ नये.

१२० ओहम हा आकडा आम्ही कल्पनेने घेतलेला नाही. १९९६च्या आंतरराष्ट्रीय मानकात तेवढ्या आउटपुट इंपीडन्सची शिफारस होती. घरातल्या जुन्या रिसीव्हरमध्ये तर स्पीकरचीच वीज मोठ्या रेझिस्टरमधून हेडफोनला दिलेली असे. म्हणून साधा नियम ध्यानात ठेवावा. ॲम्प्लिफायरचा हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. ३०० ओहमला ३७ पर्यंत चालेल, ३२ ओहमला ४ पर्यंतच. सपाट पडद्याच्या हेडफोनचा इंपीडन्स सर्व सुरांना जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे तेथे सूर बिघडत नाही, फक्त शक्ती वाया जाते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा हा आकडा बहुधा मोठा असतो. ती ३०० ओहमच्या हेडफोनशी जमवून घेतात, ३२ ओहमच्या हेडफोनशी मात्र त्यांचे पटत नाही. ‘बॅलन्स्ड’ जोडणीचाही मोठा गाजावाजा होतो. तिने व्होल्ट दुप्पटीपर्यंत वाढू शकतात, पण आउटपुट इंपीडन्सही दुप्पट होतो. साध्या जोडणीतच शक्ती पुरत असेल तर तिच्यासाठी जादा खर्च करण्याचे कारण नाही. उलट, फार संवेदनक्षम हेडफोनला जोरकस यंत्र जोडले तर गाणे थांबल्यावरही सूं असा आवाज येत राहतो, आणि आवाजाचे बटण जरा फिरवले की कान दुखतो. असल्या हेडफोनला शांत आणि कमी वाढवणारे यंत्र हवे. जपानी स्टॅक्स कंपनीचा पहिला हेडफोन १९६० साली आला. त्या घराण्याची गोष्टच निराळी आहे. त्याला शेकडो व्होल्टचा कायम दाब लागतो, म्हणून त्याच्यासाठी बनवलेले यंत्रच घ्यावे लागते.

एवढे आकडे जुळल्यावर दोन यंत्रांत कानाला फरक जाणवतो काय? १९८७च्या जानेवारीत ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने स्पीकरच्या ॲम्प्लिफायरची एक परीक्षा छापली. एका टोकाला सुमारे २२० डॉलरचा रिसीव्हर होता, दुसऱ्या टोकाला १२,००० डॉलरची व्हॉल्व्हची जोडी. ऐकणाऱ्यांना कोणते यंत्र वाजते आहे हे सांगितले नव्हते आणि आवाज मोजून सारखा केला होता. निकाल असा लागला की, नाणे उडवून जेवढे बरोबर येईल त्याहून अधिक बरोबर त्यांना सांगता आले नाही.

यात आम्हांला नवल वाटत नाही. संपाचा ठराव हात वर करून घेतला तर माणूस शेजाऱ्याकडे पाहतो, पुढाऱ्याकडे पाहतो आणि मग हात वर करतो. त्याचे खरे मत गुप्त मतदानातच कळते. यंत्र पारखतानाही डोळ्यांना किंमत दिसू देऊ नये. दोन्ही यंत्रांचा आवाज मल्टिमीटरने मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. मग मित्राला अदलाबदल करायला सांगून पंधरा-वीस वेळा ऐकावे. फरक ओळखता आला तर पैसे खुशाल द्यावेत.

एका अज्ञात माणसाचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने २०११ साली ‘ओ-२’ नावाच्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा नकाशा, सुट्या भागांची यादी आणि सगळी मोजमापे लोकांपुढे मोकळी ठेवली. त्याचा आउटपुट इंपीडन्स एक ओहमपेक्षा कमी आहे. सोल्डरिंग येणाऱ्या कोणालाही तो घरी जोडता यावा, ही त्यामागची दृष्टी होती. २०१२ साली तो गृहस्थ लिहिता लिहिता गप्प झाला, पण त्याचे यंत्र राहिले. ज्ञान कुलपात ठेवले नाही तर किंमत कशी खाली येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता शेवटचा मुद्दा. तो ॲम्प्लिफायरचा नाही, कानाचा आहे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारा तरुण येतो आणि म्हणतो, ‘दादा, आवाज पुरत नाही, मोठा ॲम्प्लिफायर कोणता घेऊ?’ आम्ही त्याला आधी विचारतो, ‘पाळी संपल्यावर किती वेळाने ऐकतोस?’ कारण गोंगाटातून बाहेर आल्यावर कान काही तास मंद राहतात. त्या मंद कानांनी तो बटण वाढवतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. शेडमध्ये ज्याच्या कानांचा दिवसाचा वाटा आधीच संपला, तो रात्री हेडफोनवर उसने घेतो, आणि हे कर्ज फिटत नाही. गोंगाटाने येणारे बहिरेपण बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. झांजांची किणकिण आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’ आधी फिके पडतात. माणसाला वाटते, यंत्र मंद आहे.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कळवावयाचा रोग म्हणून नोंदला गेला होता. ती नोंद होऊनही कानांची तपासणी न झालेले कामगार आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. म्हणून आमचे सांगणे असे की, आवाज पुरेनासा झाला तर आधी कान तपासून घ्या आणि मग दुकानात जा. शेडमध्ये कानांचे संरक्षण मिळत नसेल तर ते हक्काने मागा. यंत्राची पारख सुटीच्या दिवशी, विसावलेल्या कानांनी करा. दोन आकडे हेडफोनचे, दोन ॲम्प्लिफायरचे, एवढे कागदावर मांडून पुरेल तेवढेच यंत्र घ्या आणि उरलेल्या पैशांत रेकॉर्डी घ्या. बिघडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त होतो किंवा नवा मिळतो. गेलेला कान मात्र कोणत्याही बोनसातून परत विकत मिळत नाही.