एका नावाची नोंद

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज एका तरुण वैमानिकाविषयी बोलणार आहे. तरीही माझा विषय ग्रंथालयाचाच आहे, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल, अशी आशा बाळगतो.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे भारतीय वायुदलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे वैमानिक. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. त्यानंतर लगेचच तांबे आपले सुखोई-७ घेऊन शोरकोट रोड येथील शत्रूच्या विमानतळावर चालून गेले. या विमानाला हल्ल्यासाठी जमिनीलगत यावे लागे, आणि विमानवेधी तोफा त्याच क्षणाची वाट पाहत असत. तांबे यांचे विमान पडले. विमान एकाच माणसाचे. शेवटच्या क्षणी काय घडले, हे सांगणारा सोबती त्यात नव्हता.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात बातमी आली की, पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत. त्यांत एक नाव होते ‘टॉम्बे’.

वाचकहो, हा ‘टॉम्बे’ म्हणजे आपला तांबे नव्हे काय? युद्ध संपले, १९७२ साली सिमला करार झाला, युद्धकैद्यांची देवाणघेवाण झाली. पण परतलेल्यांत तांबे नव्हते. आपल्याकडे कोणी भारतीय युद्धकैदी उरलेला नाही, असे पाकिस्तान सांगत राहिले. आपल्या शासनाच्या यादीत ५४ बेपत्ता सैनिकांमध्ये तांबे यांचे नाव राहिले. पुढे २००७ साली अशा सैनिकांच्या नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. दमयंतीबाई त्यात होत्या. छत्तीस वर्षांनंतर एक स्त्री परक्या मुलखातील तुरुंगांत एक चेहरा शोधत हिंडते. कशाच्या आधारावर? वृत्तपत्रातील चार ओळींच्या, आणि त्याही चुकीच्या अक्षरांत छापलेल्या एका नावाच्या!

‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ हे दोन शब्द कोशात जवळजवळ नसतात, पण जीवनात त्यांचे अंतर फार मोठे आहे. मृताचे तेरावे होते. बेपत्ता माणसाची तिथी कोणती धरायची? आपल्या मंचेरियलच्या परिसरातील कोळसा खाणींत ज्यांच्या घरचे कोणी उतरते, त्यांना हे सांगावे लागत नाही. पाळी संपून माणूस वर येईपर्यंत घराचा जीव थाऱ्यावर नसतो. आणि खाली काही विपरीत घडलेच, तर सर्वांत आधी पाहिला जातो तो हजेरीपट. कोण उतरले होते? त्या वहीतील एक नाव त्या घडीला सगळ्या शब्दांहून मोलाचे ठरते.

आणखी एका मराठी नावाची गोष्ट सांगतो. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांवर होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते गस्तीसाठी गेले आणि जर्मनांच्या हाती जखमी अवस्थेत सापडून मृत्यू पावले. जर्मन नोंदीत त्यांचेही आडनाव बिघडले होते. परंतु ती नोंद कोणीतरी जपली, युद्धानंतर कोणीतरी ताडून पाहिली, आणि फ्रान्समधील हांगार्ड येथील थडग्यावर खरे नाव कोरले गेले. चुकीची नोंदही सांभाळली, तर ती कधीतरी दुरुस्त होते. नष्ट केलेली नोंद मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. पूर्वी मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर होतो. जागा नाही, कसर लागली आहे, कोणी मागत नाही, अशा कारणांनी जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे रद्दीत काढण्याचा ठराव आला. त्यावर मीही सही केली. त्या गठ्ठ्यांत १९७१ चेही होते. कोणी मागत नाही, हे खरेच होते. परंतु ढाक्याचा तो अंक तरी दमयंतीबाई मागतील, असे छापणाऱ्याला कोठे ठाऊक होते?

तांबे यांना श्रद्धांजली वाहण्याचा अधिकार मला नाही. ज्यांनी त्यांची वाट पाहिली, त्यांच्या आशेवर मी माझा शब्द ठेवू इच्छीत नाही. मी त्यांचे नाव फक्त शुद्ध उच्चारू शकतो आणि ते या स्मरणिकेत शुद्ध छापले जावे, एवढी विनंती करू शकतो: विजय वसंत तांबे.

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे हेच काम केले आहे. दुसऱ्या शतकात पदार्पण करताना माझे मागणे लहान आहे. आपल्या घरांत सैनिकांची, खाणकामगारांची, दूरदेशी गेलेल्यांची जुनी पत्रे असतील. ती येथे आणून द्या. ग्रंथपालांनी ती दाखलवहीत चढवावीत. आणि यापुढे रद्दीचा ठराव समितीपुढे आला, तर सही करण्याआधी प्रत्येक सभासदाने तो गठ्ठा एकदा सोडून पाहावा.