नव्या गाळात वस्ती होते कशी?

(झरी, जि. परभणी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आपल्या शिवारातली माती पावसाळ्यात दुधना-पूर्णेतून गोदावरीला जाते. बरीचशी धरणांत अडते, उरलेली थेट बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून समुद्रतळाचा विषय आपल्याला परका नाही.

उथळ समुद्राच्या एक चौरस मीटर चिखलात दहा लाखांपर्यंत सूक्ष्म प्राणी सापडतात. एक मिलिमीटरच्या चाळणीतून ते सहज निसटतात. 1942 साली मॉली मेअर या ब्रिटिश संशोधिकेने त्यांना ‘मायोबेंथॉस’ हे नाव दिलं. त्यांत बहुसंख्य असतात सूत्रकृमी. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी तुम्हाला ठाऊक आहेत. हे त्यांचेच समुद्रातले भाऊबंद. मात्र त्यांतले बरेचसे जिवाणू आणि शेवाळावर जगतात.

पुराने ताजा गाळ टाकला की आधी जिवाणू येतात. ऊन तळापर्यंत पोचत असेल, तर डायटम ही सूक्ष्म शैवालं वाढतात. त्यांच्या चिकट स्रावाने गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पुढच्यांच्या अन्नाची सोय होते. कोपेपॉड नावाचे इवले कवचधारी पोहत येतात, म्हणून ते लवकर पोचतात. सूत्रकृमींना धड पोहता येत नाही आणि त्यांच्या अळ्याही पाण्यावर तरंगत फिरत नाहीत. लाटेने तळ ढवळला की ते उचलले जातात आणि दुसरीकडे पडतात. काही शेजारच्या चिखलातून सरपटत येतात. मुक्काम मात्र वरच्या काही सेंटिमीटरमध्येच, कारण खाली प्राणवायू नसलेला काळा, उग्र वासाचा थर असतो.

हे कळलं कसं? गाळ गोठवून किंवा वाळवून त्यातले प्राणी मारायचे, तो तबकात भरून पुन्हा तळावर ठेवायचा आणि ठरावीक दिवसांनी काढून त्यात आलेले प्राणी मोजायचे. रोझ बेंगॉल या रंगाने प्राणी गुलाबी होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात.

गोव्यात मांडवी-जुवारीच्या मुखांशी निसर्गच हा प्रयोग दरवर्षी करतो. पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा उतरतो, गाळ हलतो आणि तळावरचे जीव घटतात. पाऊस सरला की वस्ती पुन्हा भरते. 1966 साली स्थापन झालेल्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या तळाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नवी वस्ती शेजारच्या शाबूत तळातून येते. बंदरासाठी गाळ उपसताना जवळचे पट्टे न खणता राखले, तर तळ लवकर सावरतो. सगळाच खरवडला, तर येणार कुठून? हेच जीव कोळंबीचं आणि माशांच्या पिलांचं खाद्य आहेत, म्हणजे कोळ्याचं पोटही यावरच आहे.

तळाच्या हानीत आपलाही वाटा आहे. कापसावर फवारलेली काही कीटकनाशकं मातीच्या कणांना चिकटून वाहतात आणि कोपेपॉडसारख्या कवचधाऱ्यांना ती फार घातक ठरतात. तेव्हा मंडळी, बांधबंदिस्ती करा आणि गरजेपुरतंच फवारा. आपली माती शिवारात राहू द्या. जी जाईल, ती विषाविना जाऊ द्या.