फोटोच्या धंद्यात पडायचं असेल तर

(दारव्हा येथील युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘कला आणि समाज’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, कलेचं नंतर बघू, मी धंद्याबद्दल बोलते. पेपरची किंवा कंपनीची नोकरी नाही, महिन्याला पगार नाही, आणि दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात नुसत्या कॅमेऱ्यावर घर चालतं का, हे मघाशी चहाच्या वेळी तुम्हीच विचारत होतात. चालतं. कसं चालतं तेवढं सांगते.

आमचं वर्ष कापसावर चालतं. कापूस घरात आला, विकला गेला की लग्नं निघतात, आणि भाव पडला की सगळ्यात आधी अल्बमची पानं कमी होतात. पावसाळ्यात हिंदूंची लग्नं नसतात, आपल्याकडे मोहरम आणि रमजानमध्ये नसतात. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो, आणि सध्या तो ऐन लग्नसराईत येतो. म्हणून मी दोन कॅलेंडर शेजारीशेजारी लावते, कालनिर्णय आणि हिजरी. ज्याला फक्त आपल्या जमातीचीच कामं करायची असतील त्यानं या गावात स्टुडिओ टाकू नये, वर्षातले सात महिने माशा माराव्या लागतील. मी बौद्ध लग्नं करते, कुणब्यांची, बंजाऱ्यांची करते. अंतरपाट कोणत्या अक्षराला खाली येतो ते माहीत नसेल तर तो क्षण हुकतो, आणि नवरदेवाला ‘परत एकदा’ म्हणता येत नाही.

आपल्या निकाहमधला असा क्षण कोणता? बहुतेक फोटोग्राफर काझीसाहेब आणि नवरदेव यांच्यावर कॅमेरा लावून बसतात. पण वकील आणि दोन गवाह आत जातात, मुलीची परवानगी घेतात, ती निकाहनाम्यावर सही करते, ते सगळं जनान्यात होतं आणि त्याचा फोटो कोणाकडेच नसतो. पुरुष फोटोग्राफर आत जाऊ शकत नाही, मी जाऊ शकते. सहीच्या वेळी मी मुलीचा हात घेते, कागद घेते, मेहरची रक्कम वाचता येईल असा जवळून एक फोटो घेते. सुरुवातीला काही बुजुर्ग म्हणाले, कागदाचा कशाला फोटो? मी म्हटलं, चाचा, बिर्याणीच्या देगचे सहा फोटो काढायला सांगितलेत, हा एक माझ्याकडून. दोन-तीन वर्षांनी त्यातली एक मुलगी माझ्याकडे तोच फोटो मागायला आली. कशासाठी ते मी विचारलं नाही, मोठ्या साईजमध्ये छापून दिला.

मुलींनो, हे काम तुमच्यासाठी मोकळं पडलं आहे. हळदी, मेहंदी, जनाना, बाळंतीण आणि बाळ, यांसाठी लोक बाई फोटोग्राफर शोधतात आणि मिळाली नाही तर मोबाईलवर भागवतात.

आता ‘तसवीर हराम आहे’ हा प्रश्न. मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. पण हा वाद आपल्या मोहल्ल्यात सुरू झालेला नाही आणि त्यात एकच मत नाही, एवढं तरी माहीत असावं. आपल्याकडच्या अनेक उलेमांनी सजीवांच्या फोटोला नाजायज ठरवलं. तिकडे इजिप्तचे मुफ्ती मोहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलं की चित्रांची पूजा होण्याची भीती नसेल तर ती ज्ञान जपून ठेवण्याचं साधन आहेत. त्यांच्यानंतरचे एक मुफ्ती, मोहम्मद बखित, म्हणाले की फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे, आरशात पडलेलं प्रतिबिंब पकडून ठेवणं आहे. त्याच्याही आधी, १८७४ मध्ये, लखनौच्या नगरपालिकेतले अभियंते दरोगा अब्बास अली यांनी आपल्या शहराच्या ५० फोटोंचा ‘लखनौ अल्बम’ काढला होता. म्हणजे कॅमेरा हातात घेणारे आपण काही पहिले नाही. आणि हजला जायचं तरी पासपोर्ट लागतोच, पासपोर्टला फोटो लागतोच.

तो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, चार बाय सहाच्या कागदावर आठ बसतात, तोच या तालुक्यातल्या निम्म्या बायांचा एकमेव पोर्ट्रेट असतो. माझ्या मामूंच्या स्टुडिओत, लाल बल्बच्या अंधाऱ्या खोलीत, हायपोच्या वासात मी शिकले तेव्हाही हेच होतं. रोलमध्ये ३६ फोटो, एकही वाया घालवायचा नाही, त्यामुळे मामू समोरच्याशी आधी पाच मिनिटं बोलत. पीकपाणी, जावई, गुडघेदुखी. मग बटन दाबत. मी डिजिटलवर काम करते, हजार फोटो काढले तरी खर्च नाही, तरी ती पाच मिनिटं मी सोडलेली नाहीत. घाबरलेल्या माणसाचा चेहरा कोणत्याही सॉफ्टवेअरनं सैल होत नाही.

आणि मग माणूस गेल्यावर लोक येतात. यवतमाळ जिल्हा कशासाठी पेपरात येतो ते तुम्हाला सांगायला नको. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मोबाईलमधला हलका फोटो, नाहीतर बँकेच्या पासबुकावरचा शिक्का पडलेला फोटो घेऊन भाऊ येतो, ‘ताई, यातून मोठा करून द्या.’ शिक्का काढायला दोन तास लागतात. डोळ्यावर शाई असेल तर डोळा मी नव्यानं बनवत नाही; तसं सांगते आणि थोडी शाई राहू देते. आपल्या घरांमध्ये हार घालून भिंतीवर लावत नाहीत, कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवतात, पण मागायला येतातच. सगळ्यात अवघड म्हणजे दादी-नानी. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पदरात, नखाएवढा. त्यातून काय मोठं करणार? म्हणून मी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरोघरी जाते. अंगणात, दाराच्या सावलीत, खुर्ची किंचित तिरपी. कॅमेऱ्यात फक्त घरच्यांनाच दाखवते, दुकानाच्या काचेत लावत नाही, इन्स्टाग्रामवर टाकत नाही. हा शब्द पाळला म्हणून पुढचं घर उघडतं.

निसर्गाच्या फोटोंवर पोट भरत नाही. कृषी केंद्राचं कॅलेंडर, एखाद्या डॉक्टरांच्या वेटिंग रूमची भिंत, बस. तरी मी जाते. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पहाटे, कारण आठ वाजल्यानंतर विदर्भातलं ऊन सगळे रंग खाऊन टाकतं. शकुंतलेची माझी फोटोमालिका मात्र विकली जाते, विशेषतः बाहेरगावी गेलेल्यांना. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला बदलून डिझेलचं आलं. आता गाडीच बंद आहे आणि रुळांवर रानगवत आहे. दारव्हा मोतीबागच्या त्या रुळांवर मी ट्रायपॉड लावला की कोणीतरी येतंच. नाव विचारतात. नाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न बदलतो, ‘कशासाठी काढताय?’ माझ्या हिंदू सहकाऱ्याला त्याच जागी ‘कॅमेरा कितीचा आहे?’ असं विचारलं होतं. मी रागावत नाही, घाबरतही नाही. ओळखपत्र दाखवते, स्क्रीनवर फोटो दाखवते आणि काम पुरं करूनच निघते. तुमच्यापैकी जे बाहेर शूट करतील त्यांनी ओळखपत्र खिशात ठेवा. ड्रोन उडवणार असाल तर त्याची नोंदणी लागते, ती आधी करा. ‘बघू पुढं’ ही चैन आपल्याला परवडत नाही.

शेवटी कागद. बयाणा घेतल्याशिवाय तारीख देऊ नका, मामाच्या मुलीचं लग्न असलं तरी. आणि हक्क समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गिऱ्हाईकानं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो, तुम्ही नाही. लग्नातला नवरीचा फोटो तिला न विचारता जाहिरातीला वापरला तर ती तुम्हाला जाब विचारू शकते, आणि विचारायलाच हवा. स्वतःहून काढलेला पळस मात्र तुमचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून तो हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. कॅलेंडरवाल्याला देताना ‘फक्त या वर्षापुरतं’ असं बिलावर लिहून द्या.

मी दोन कॅमेरे आणले आहेत. जेवणानंतर मागच्या पडवीत चला, तिथे दुपारी उजेड चांगला येतो. मुली आधी.