इशाऱ्याच्या दिव्याचा रंग



रात्रीच्या वेळीं चंद्रपुराकडे येणाऱ्या प्रवाशास दुर्गापूरच्या औष्णिक विद्युत्केंद्राच्या धुराड्यांवरील तांबडे दिवे दुरूनच दिसूं लागतात. ते कोणास उजेड देण्यासाठीं नाहींत. 'येथें उंच अडथळा आहे' एवढेंच ते वैमानिकास सांगतात. उजेडाचा दिवा वेगळा, इशाऱ्याचा वेगळा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगली मुलखांत या भेदावर कधीं कधीं माणसाचा जीव अवलंबून असतो.

तांबडा रंग सर्वांत दुरून दिसतो, असें सर्रास सांगितलें जातें. स्वच्छ हवेंत व विरळ धुरांत तांबडा किरण कमी विखुरतो हें खरें. परंतु पौषांत इरईच्या कांठीं जें दाट धुकें पडतें, त्यांतील जलकण इतके मोठे असतात कीं ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेंच विखुरतात. शिवाय आपल्या डोळ्यास दिवसां सर्वांत तेजस्वी वाटतो तो पिवळट हिरवा, आणि काळोखास सरावल्यावर निळसर हिरवा. तांबड्याचा खरा अधिकार आहे तो संकेताचा.

हा संकेत अनुभवानें पक्का झाला. इंग्लंडांत रेल्वेच्या आरंभकाळीं पांढरा दिवा म्हणजे 'रस्ता मोकळा' आणि हिरवा म्हणजे 'सावकाश' असें असे. सिग्नलाची तांबडी काच फुटली कीं आंतली ज्योत पांढरी दिसे आणि 'थांबा'च्या ऐवजीं 'या' म्हणे! म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या रस्त्याचा मान हिरव्यास मिळाला. त्यांतही मौज अशी कीं, तेलाची ज्योत पिवळसर असल्यामुळें कंदिलाची 'हिरवी' काच निळसर करीत. तांबड्या-हिरव्यांतला फरक न कळणारे पुरुष सर्वत्र थोडेफार असतातच. म्हणून चौकांतील उभ्या खांबावर तांबडा नेहमीं वर असतो.

आतां आमचा रस्ता पाहूं. एटापल्लीकडील सुरजागडचें लोहखनिज घेऊन मालमोटारी धांवतात, आणि अशाच रस्त्यांनीं बैलगाडी, सायकल व पहाटे मोहफुलें वेचावयास निघालेली बाईही जाते. गाडीच्या मागें पांढरा कंदील टांगला, तर मागून येणारा चालक त्यास समोरचें वाहन किंवा दूरची झोपडी समजतो. पुढें पांढरा व मागें तांबडा, हा क्रम मोडूं नये. लोक जिला 'रेडियम' म्हणतात (तिच्यांत रेडियम मुळींच नसतें) ती पट्टी अवश्य लावावी. पण ती परक्या प्रकाशावर जगते, आणि चिखलानें माखली कीं मुकी होते. ट्रॉलीच्या मागें हौसेनें निळे-हिरवे लुकलुकणारे दिवे लावण्याची तऱ्हा मला तर अक्षम्य वाटते. त्या गोंगाटांत तांबड्याचें ऐकणार कोण?

वाघास मात्र ही भाषा येत नाहीं. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, वाघाच्या व चितळाच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. तांबडा प्रकाश त्यांना फार मंद भासतो. जनावर बिचकूं नये म्हणून निरीक्षक तांबडी काच वापरतात तें याचसाठीं. रानवाटेनें जाणाऱ्यास नेमकें उलटें हवें: आपली चाहूल जनावरास आधींच लागावी. तेथें हातांत पांढऱ्या उजेडाची बॅटरी असावी, सोबत असावी, आणि मोठ्यानें बोलत जावें. पाठीवरचा तांबडा दिवा मालमोटारीसाठीं आहे, वाघासाठीं नव्हे. चिचपल्लीच्या रानांत नोव्हेंबर २०१८ मध्यें वाघाचे तीन बछडे आगगाडीखालीं मेले. तसल्या ठिकाणीं दिव्याच्या रंगापेक्षां गाडीचा वेग कमी करणेंच उपयोगी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पांढऱ्या बॅटरीवर तांबडा कागद चिकटवून काम भागवूं नये. बराचसा प्रकाश त्यांतच अडतो, आणि ऊन-पावसानें कागद विटला कीं दिवा पुन्हां पांढरा होतो. मूळचाच तांबडा प्रकाश देणारा एलईडी दिवा घ्यावा, आणि कॅरियरवरील ओझ्यानें झांकला जाणार नाहीं अशा जागीं तो सायकलीच्या मागें बसवावा.